परमुलखातला पैसा

आपल्या खानदेशातले पुष्कळ लोक काशीयात्रेला जातात. त्यांतले काही पुढे नेपाळात पशुपतिनाथाच्या दर्शनाला जातात. जळगाव-भुसावळहून रेल्वेने गोरखपूर गाठायचे. तेथून मोटारीने सोनौलीला जायचे. सोनौलीला आपला देश संपतो आणि नेपाळ सुरू होतो.

नेपाळ हा वेगळा देश आहे. त्याचे सरकार वेगळे, त्याच्या नोटाही वेगळ्या. पण तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणतात. नाव एक, मोल दोन! म्हणून तिथे माणूस फसतो.

मीही एकदा काही गावकऱ्यांबरोबर गेलो होतो. सोबत आमच्या गल्लीतली एक म्हातारी मावशी होती. कापूस वेचायची मजुरी साठवून तिने यात्रेचे पैसे जमवले होते. काठमांडूला देवळाबाहेर तिने रुद्राक्षाची माळ घेतली. दुकानदार म्हणाला, "आठशे." मावशीने कनवटीच्या पिशवीतून शंभराच्या आठ नोटा मोजून दिल्या. मी शेजारीच उभा होतो. जन्मभर पोरांना गणित शिकवले, पण त्या वेळी एक शब्द विचारायचे मला सुचले नाही.

रात्री धर्मशाळेत हिशेब केला, तेव्हा उलगडा झाला. दुकानदाराने सांगितलेले आठशे नेपाळी होते. मावशीने दिले आठशे भारतीय. माळेची किंमत आपल्या पैशात पाचशेच होत होती. तीनशे रुपये जास्त गेले! पहाटे मोटार निघायची होती, परत जायला वेळ नव्हता.

मावशी म्हणाली, "गुरुजी, माले काय माहीत? तुम्ही तर शिकेल मानूस!"

मी मान खाली घातली. मग कंदिलाजवळ बसून तिला हिशेब समजावून सांगितला. तोच आता तुम्हांला सांगतो.

पैशाचा भाव

बाजारात कापसाला भाव असतो, केळीला भाव असतो. तसाच एका देशाच्या पैशाला दुसऱ्या देशात भाव असतो. काही देशांच्या पैशाचा भाव रोज वरखाली होतो. नेपाळी रुपयाचा आपल्या रुपयाशी भाव मात्र १९९३ सालापासून एकच ठरलेला आहे :

भारतीय १०० रुपये = नेपाळी १६० रुपये.
भारतीय ५० रुपये = नेपाळी ८० रुपये.
भारतीय ५ रुपये = नेपाळी ८ रुपये.

शेवटची ओळ पाठ करा. नेपाळी किमतीला ८ ने भागा आणि ५ ने गुणा, की आपले रुपये निघतात. ८०० ला ८ ने भागले, १०० आले. त्याला ५ ने गुणले, ५०० झाले. झाला हिशेब!

एक प्रश्न विचारा

नेपाळी दुकानदार भारतीय पैशाला 'आयसी' म्हणतात आणि नेपाळी पैशाला 'एनसी' म्हणतात. किंमत ऐकली की आधी विचारा, "आयसी की एनसी?" हे विचारण्यात लाज नाही. न विचारता पैसे देण्यात नुकसान आहे.

नोट वाचून घ्या

आपण भारतीय नोट दिली, तरी सुटे पैसे बहुधा नेपाळी मिळतात. ते मोजून घ्या. नेपाळी नोटेवर आपलीच बाळबोध अक्षरे असतात. शंभराच्या नोटेवर 'एक सय' असे लिहिलेले असते. सय म्हणजे शंभर. तुम्ही वर्गात शिकलेली अक्षरे परमुलखातही कामाला येतात, ती अशी.

कोणत्या नोटा न्याव्या?

शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा न्याव्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती. तेव्हा पुष्कळ यात्रेकरूंची अडचण झाली. असे नियम बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी बँकेत विचारावे. २०२४ सालापासून तिथल्या बऱ्याच दुकानांत आपल्या मोबाइलवरच्या यूपीआयनेही पैसे देता येतात. तिथेही रक्कम वाचल्याशिवाय गुप्त आकडा दाबू नये.

परत येताना उरलेले नेपाळी पैसे सोनौलीच्या अलीकडेच बदलून घ्यावे. आपल्या गावच्या दुकानात ते चालणार नाहीत.

इतर यात्रा

हजला जाणाऱ्यांना सौदी अरेबियात रियाल लागतात. रियालचा रुपयातला भाव बदलत असतो. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. आता त्या नोटा नाहीत. पैसे बदलणाऱ्याच्या फळ्यावर दोन भाव असतात : तो ज्या भावाने घेतो तो एक, आणि विकतो तो दुसरा. व्यापारी कमी भावाने घेतो, जास्त भावाने विकतो. दोन-तीन ठिकाणी विचारावे. पावती घ्यावी. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी व्यवहार करू नये.

आता मावशीची गोष्ट पुरी करतो. दुसऱ्या दिवशी वाटेत मोटार चहाला थांबली. चहावाला म्हणाला, "चाळीस." मी खिशात हात घालणार, तोच मावशीने विचारले, "आयसी का एनसी?" तो म्हणाला, "एनसी, आमा." मावशीने बोटांवर हिशेब केला आणि पंचवीस रुपये मोजून दिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, तीनशे रुपये तुमच्या शाळेची फी समजा."

अभ्यास

१. नेपाळात चादरीची किंमत ४८० एनसी आहे. आपले किती रुपये द्याल?
२. जेवणाचे २४० एनसी झाले. तुम्ही भारतीय २०० रुपये दिले. किती नेपाळी रुपये परत मिळतील?
३. मावशीने कोणता प्रश्न आधी विचारायला हवा होता?

(उत्तरे : १. ३०० रुपये. २. ८० रुपये. ३. हे तुम्हीच लिहा.)