नवी बॅट घेताय? नॉकिंगचा खर्चही धरा

शिरूर-दौंड भागात गावोगावचं क्रिकेट बहुतेक टेनिस बॉलवर चालतं. त्या बॅटला काही करावं लागत नाही. मुलगा अकॅडमीत जाऊन सीझन बॉल खेळायला लागला की मात्र हिशेब बदलतो. 156 ते 163 ग्रॅमचा हा चेंडू कोऱ्या विलोवर घेतला, तर पहिल्याच नेटमध्ये कड चिरू शकते. विलो मऊ लाकूड आहे. कारखान्यात ते दाबलेलं असलं, तरी वरचे तंतू घट्ट बसायला ठोके द्यावेच लागतात. हेच नॉकिंग.

काश्मीर विलो साधारण दीड ते साडेतीन हजारांत मिळते, चांगली इंग्लिश विलो सहा हजारांच्या पुढे. वाढत्या वयाच्या मुलाला काश्मीर विलोच घ्या. बॅटचा साइझ लवकर बदलतो. 22 सप्टेंबर 2025 पासून क्रीडासाहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवर घासाघीस जरूर करा.

वरचा खर्च असा: लाकडी मॅलेट अडीचशे ते पाचशे, जवसाचं तेल शंभर-दीडशे, पुढची पारदर्शक शीट आणि टो-गार्ड (टो म्हणजे बॅटचं खालचं टोक) मिळून तीनशे-चारशे. पुण्यातल्या दुकानात मशीनवर नॉकिंगचे तीनशे ते आठशे घेतात, हाताने केलं तर जास्त. दौंडहून रेल्वे आहे, शिरूरकरांना एसटीच; दोन फेऱ्यांचं भाडं त्यात मिळवा. मशीन समोरची बाजू बरी ठोकतं, पण कडांना हातच लागतो. म्हणून मॅलेट घेऊन घरीच ठोकावं, हे माझं ठाम मत.

तेल कच्चं हवं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको. ते वाळून कडक थर धरतं. फडक्याने समोर, कडांना आणि टोला पातळ हात द्या, स्टिकर आणि हँडलचा सांधा सोडून. बॅट रात्रभर आडवी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. शीट तेल मुरल्यावरच लावा.

मग ठोकणं. एकूण पाच-सहा तास लागतात, ते रोज अर्धा-पाऊण तास असे वाटून घ्या. सुरुवात हलक्या हाताने करा, जोर हळूहळू वाढवा. कडांवर तिरके ठोके द्या, म्हणजे त्या गोलसर होतात. कडेवर सरळ घाव घालू नका, टोच्या तळावर तर अजिबात नाही. त्यानंतर जुन्या चेंडूवर हलके फटके मारा. शिवणीचे खोल वण उठले, तर बॅट तयार नाही. पुन्हा मॅलेट घ्या. नवा चेंडू सगळ्यात शेवटी.

एप्रिल-मेच्या उन्हात बॅट गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, लाकूड सुकून तडकतं. पावसाळ्यात ओल टोमधून चढते.

पक्की पावती घ्या आणि तडा गेल्यास बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. नॉकिंग न करता वापरलेली बॅट दुकानदार सहसा परत घेत नाहीत. ठोकूनही लाकडातला दोष निघाला आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.