हस्तप्रतीची शिस्त : संशोधन-निबंध पाठविण्यापूर्वी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली आज विद्यापीठांत संशोधन करीत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांपैकी काहीजण कपिलधारला येतात, तेव्हा पिशवीतून एखादा निबंध बाहेर काढून आमच्या हाती देतात. बहुधा तो कोठून तरी परत आलेला असतो. ‘विषय चांगला आहे, परंतु हस्तप्रत नियमांस धरून नाही,’ असा शेरा त्यावर असतो आणि मुलांच्या चेहऱ्यावर निराशा असते.

ही निराशा आम्हांस परकी नाही. एम. ए. झाल्यावर आम्ही एका नियतकालिकाकडे पाठविलेला पहिला निबंध असाच परत आला होता. त्यात ग्रंथांची नावे होती, पण पृष्ठांक नव्हते. वृद्धांच्या मुलाखती होत्या, पण त्या केव्हा व कोठे घेतल्या याची नोंद नव्हती. ही दारे आपल्या माणसांसाठी नाहीतच, असे त्या वेळी वाटले. तो निबंध आम्ही पुन्हा लिहिला नाही. ज्या वृद्धांशी आम्ही बोललो होतो ते आज हयात नाहीत आणि त्यांचे बोलणेही कोठे छापले गेले नाही. ती चूक आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून होऊ नये, म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा निबंध

दिनांक 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. मे 1917 मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेम्स बर्जेस यांनी 1872 साली मुंबईत सुरू केलेले हे नियतकालिक विद्वानांत मान्यता पावलेले होते.

या निबंधाचे विचार आपण सभांतून ऐकतो. त्याची रचना मात्र क्वचितच पाहतो. बाबासाहेब प्रथम सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या मांडतात. यांतील केतकर म्हणजे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर होत. प्रत्येक व्याख्येत काय ग्राह्य आहे आणि काय उणे आहे, हे तपासल्यावरच ते स्वतःचे प्रतिपादन करतात : जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीतच विवाह. मग सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा त्या प्रतिपादनाशी संबंध जोडून दाखवितात. अखेरीस, आपले मत निराधार ठरल्यास ते सोडण्याची तयारीही नोंदवितात.

आजची नियतकालिके ज्याला पूर्वसंशोधनाचा आढावा, प्रतिपादन, पुरावा आणि निष्कर्ष म्हणतात, ते सारे येथे क्रमाने आलेले आहे. जातीचे चटके स्वतः सोसलेल्या या विद्यार्थ्याने आपला अनुभव हाच पुरावा मानावा, असे म्हटले नाही. वाचकाला तपासता येईल अशा रीतीने त्याने आपले म्हणणे मांडले. हस्तप्रतीच्या प्रत्येक नियमाचे मूळ येथे आहे. आपले म्हणणे परक्या माणसाला पडताळून पाहता यावे, यासाठीच ते नियम असतात.

विषय आणि पुरावा

‘कपिलधारचा इतिहास’ हा एका निबंधाचा विषय होऊ शकत नाही. येथे मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी यात्रा आहे, धबधबा आहे, भोवतालच्या वाड्यावस्त्या आहेत. हे सारे वीस पानांत मावत नाही. विषयाला काळ, स्थळ आणि माणसे अशा तीन मर्यादा घालाव्यात. ‘1972 च्या दुष्काळात कपिलधार परिसरातून दुष्काळी कामांवर गेलेल्या स्त्रियांच्या आठवणी’ हा विषय लहान दिसतो, पण तो खरा आहे. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या, सुकडी आणि मिलो खाऊन लेकरे जगविणाऱ्या त्या स्त्रिया तेव्हा विशीत होत्या; आज त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्यापैकी कितीतरी आपल्या विद्यार्थ्यांच्या आज्या आहेत.

मुलाखत घेताना सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख आणि छापण्यास संमती आहे की नाही, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. नाव नको असे आजीने म्हटल्यास ते गाळावे आणि तसे टिपेत नमूद करावे. तिच्या बोलीतील शब्द सुधारू नयेत. अर्थ देणे आवश्यक वाटल्यास तो टिपेत द्यावा. आठवण आणि कागद यांत फरक आढळल्यास दोन्ही नोंदवावेत, एकासाठी दुसरे दडपू नये.

आपला बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या महसुली कागदांवर फसली साल आढळते. त्यात 590 मिळविले की ते फसली वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. जसे फसली 1357 म्हणजे 1947-48. निबंधात मूळ साल आणि इसवी सन दोन्ही द्यावेत, म्हणजे हिशेब चुकला असल्यास वाचकाला तो दुरुस्त करता येईल.

संदर्भ का द्यावेत

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. प्रकृती ढासळत असताना त्यांनी तो पूर्ण केला; प्रस्तावनेचे काम तर अखेरच्या रात्रीपर्यंत चालू होते. पहिल्या आवृत्तीत मूळ आधारांचे निर्देश नव्हते, त्यामुळे टीकाकारांना बोट ठेवण्यास जागा मिळाली. पुढे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली ग्रंथांतील मूळ स्थळे परिश्रमपूर्वक शोधून काढली. महाराष्ट्र शासनानेही मूळ आधारांची स्वतंत्र पुरवणी प्रसिद्ध केली. एका ग्रंथाचे संदर्भ मागाहून शोधण्यास विद्वान भिक्खूंना किती श्रम पडले, हे ध्यानात घेतले म्हणजे लिहितानाच पृष्ठांक टिपून ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

ग्रंथाचा संदर्भ देताना लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठ द्यावे. आवृत्ती कोणती वापरली तेही सांगावे, कारण आवृत्तीगणिक पृष्ठांक बदलतात. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेले अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्याप्रमाणे देऊ नये. संदर्भाची पद्धत नियतकालिकाने ठरवून दिलेली असते. ती प्रथमपासून शेवटपर्यंत एकच ठेवावी.

मांडणी

निबंध लिहिण्यास बसण्यापूर्वीच नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात आणि त्याचे दोन-तीन जुने अंक चाळावेत. शब्दमर्यादा, समास, ओळींतील अंतर, टिपा पानाच्या तळाशी की निबंधाच्या शेवटी, हे त्यांत दिलेले असते. प्रारंभी सुमारे दीडशे ते अडीचशे शब्दांचा गोषवारा द्यावा : प्रश्न कोणता, पुरावा कोणता, निष्कर्ष कोणता. त्याखाली चार-पाच बीजशब्द द्यावेत.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या टंकांतील मजकूर संपादकाच्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा दिसतात. अनेक नियतकालिके लेखकाचे नाव परीक्षकांस कळू देत नाहीत. अशा ठिकाणी नाव व पत्ता स्वतंत्र पानावर द्यावा आणि मजकुरात ‘माझ्या प्रबंधात’ यांसारखे ओळख पटविणारे उल्लेख टाळावेत. प्रत्येक पानावर क्रमांक घालावा आणि प्रत्येक नव्या मसुद्यावर तारीख लिहावी. बाबासाहेबांच्या मागे राहिलेली अप्रकाशित हस्तलिखिते शासनाच्या ग्रंथमालेसाठी सिद्ध करताना वसंत मून यांच्यासारख्या संपादकांना सुटी पाने जुळवीत बसावे लागले, हे विसरू नये.

काय बदलावे, काय बदलू नये

परीक्षकांचे शेरे आले म्हणजे अपमान झाला, असे मानू नये. 1922 साली लंडनमध्ये सादर केलेला ‘रुपयाचा प्रश्न’ हा बाबासाहेबांचा प्रबंधही परीक्षकांनी पुनर्लेखनासाठी परत केला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला, मात्र निष्कर्ष बदलले नाहीत. 1923 मध्ये तो मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. उलटपक्षी, 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांच्या नियोजित भाषणातील विचारच गाळावयास सांगितले, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे त्यांनी कळविले. मंडळाने परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून लोकांपुढे ठेवले.

या दोन प्रसंगांत विसंगती नाही. मांडणी अधिक स्पष्ट करा, पुरावा वाढवा, भाषा आवरा, असे कोणी म्हटले तर आनंदाने ऐकावे. पुराव्याने सिद्ध झालेले सत्य गाळा, असे म्हटले तर निबंध दुसरीकडे पाठवावा. मात्र तो एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. पैसे भरताच चार दिवसांत छापून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे. तेथे परीक्षण होत नाही, म्हणून छापण्याला किंमतही राहत नाही.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. घरातील जुन्या सनदा, पावत्या, छायाचित्रे, सभांची पत्रके रद्दीत घालू नका. आणि नात वही घेऊन समोर बसली तर तिला वेळ द्या. माजी विद्यार्थ्यांनी परत आलेले निबंध फाडू नयेत. पुढील सुट्टीत ते शेऱ्यांसह येथे घेऊन यावेत. ग्रंथालयातील मोठ्या मेजावर आपण ते पानोपान पाहू. आमचा तो जुना निबंध आम्ही जपून ठेवला आहे. त्यात पृष्ठांक कोठे नाहीत, हे दाखविण्यासाठी आम्ही तोच प्रथम त्या मेजावर ठेवणार आहोत.