गोल्डफिशची टाकी हिरवी का होते?

शोभेच्या माशांच्या धंद्यात आमचे अनेक वाचक आहेत. कोणी क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्यात दुकान चालवतो, कोणी तालुक्याच्या गावी काच कापून टाक्या जोडतो, तर कोणी घरोघरी जाऊन टाक्या धुऊन देतो. या सर्वांकडे येणारी सगळ्यात जुनी तक्रार एकच, 'टाकी घेऊन महिना झाला नाही तोच पाणी हिरवे झाले.' दुकानदार काउंटरखालून निळ्या-पिवळ्या औषधाची एक बाटली काढून देतो. आठवड्याने तेच गिऱ्हाईक मासा मेल्याचे सांगत परत येते, किंवा परत येतच नाही. न येणारे गिऱ्हाईक जास्त महाग पडते, कारण ते शेजाऱ्यालाही टाकी घेऊ देत नाही. म्हणून शेवाळाचा हा विषय आम्ही आज थोडा सविस्तर मांडत आहोत.

पहिली गोष्ट, शेवाळ हा रोग नव्हे, ती वनस्पतीच आहे. तिला उजेड हवा आणि खत हवे. गोल्डफिशच्या टाकीत दोन्ही भरपूर असते. हा मासा कार्पच्या जातीचा. त्याला जठर नसते. दिवसभर चरत राहायचे आणि मागून टाकत राहायचे ही त्याची रीत. शिवाय त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. हा अमोनिया माशाला विषारी. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बरेच सौम्य असते, पण शेवाळाला मात्र ते युरिया घातल्यासारखे लागू पडते. अन्नातला फॉस्फेट त्यात भर घालतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गिऱ्हाईक नेमके याच काळात घाबरते, सगळी टाकी रिकामी करून साबणाने घासते आणि वाढत आलेले जिवाणू मोरीत घालवते. टाकीला साबण कधीही लावू नये, आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. टाकी विकतानाच हे सांगायला हवे.

आता थोडा हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 56 लिटर पाणी बसते. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर 50 लिटर धरा. समजा, या टाकीत आठवड्याला नायट्रेट 20 अंशांनी वाढते. (अंश म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, तपासणीच्या किटवर हाच आकडा असतो.) दर आठवड्याला चौथाई पाणी बदलले तर चौथाई नायट्रेट बाहेर जाते. आकडा चढत चढत 80 वर जाऊन थांबतो, कारण 80 ची चौथाई 20, म्हणजे जितके येते तितकेच जाते. निम्मे पाणी बदलले तर तो 40 वर थांबेल. पण चौथाईच पाणी बदलून खाणे निम्मे केले, तरीही तो 40 वरच थांबतो! म्हणजे खाण्याचा डबा अर्धा आवरणे हे दुप्पट बादल्या उचलण्याच्या बरोबरीचे आहे. नफ्यातोट्याचा हिशेब कळणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला हे गिऱ्हाइकाला समजावून सांगता येईल. पंचवीस लिटरच्या बादल्या तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या गृहिणीला तर ते लगेच पटेल.

तेव्हा खाणे किती? दोन मिनिटांत मासे संपवतील इतकेच, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास पडला तरी गोल्डफिशला काही होत नाही. घरातले प्रत्येक मूल आपापली चिमूट टाकते, तिथेच बिघडते. डबा एकाच्या ताब्यात द्यावा.

उजेडाचे म्हणाल तर टाकीवरचा दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरे. त्याहून जास्त उजेड माशाला लागत नाही, तो शेवाळाच्याच कामी येतो. खिडकीतले थेट ऊन सर्वांत वाईट. टाकी एकदा पाणी भरून बसवली की कोणी हलवत नाही, म्हणून जागा विक्रेत्यानेच विचारून ठरवून द्यावी. हल्ली एलईडी दिवे आले आहेत आणि स्वस्तातला टायमर कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. तो टाकीबरोबरच विकावा. दुकानातल्या टाक्यांकडेही लक्ष असू द्यावे. रमजानमध्ये बाजार रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, टाक्यांवरचे दिवे पंधरा-सोळा तास जळतात आणि ईदच्या खरेदीच्या दिवसांत काच हिरवी दिसते. त्या महिन्यात दिवा दुपारी बंद ठेवून संध्याकाळनंतर लावावा.

शेवाळ ओळखून इलाज

सगळे शेवाळ एकसारखे नसते. नव्या टाकीत काचेवर व खड्यांवर तपकिरी पूड बसते, ती बोटाने पुसली जाते. ती डायटमची. महिना-दोन महिन्यांत ती आपोआप कमी होते, तिच्यासाठी काही विकू नये. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके पात्याने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडावेत. टाकी ॲक्रिलिकची असेल तर पाते लावू नये, ओरखडे कायमचे राहतात. केसांसारखे लांब हिरवे धागे जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढले की निघतात. निळसर हिरवा, बुळबुळीत, अख्ख्या पापुद्र्याने सुटणारा आणि कुबट वास येणारा थर मात्र खरे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया म्हणजे जिवाणू आहेत. तळाशी साचलेली घाण आणि न फिरणारे पाणी ही त्याची आवडती जागा. नळीने तळ ओढून काढावा आणि हवेचा दगड त्या कोपऱ्यात सरकवावा.

राहिले ते हिरवे पाणी. यातले शेवाळ एकपेशीय असून पाण्यात तरंगते, ते स्पंजच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. जपानमध्ये गोल्डफिश पाळणारे जुने जाणकार हिरवे पाणी मुद्दाम राखतात. त्यात माशांची वाढ व रंग चांगला येतो असे ते मानतात. म्हणजे हिरव्या पाण्याने मासा लगेच मरत नाही. धोका असतो तो रात्री. अंधारात हेच शेवाळ प्राणवायू खाऊ लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेले असते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी राहतो, आणि वीज जाऊन पंप बंद पडला तर पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून उभे दिसतात.

यावर बिनखर्चाचा इलाज अंधार हाच. आधी निम्मे पाणी बदलावे. मग जाड चादर किंवा काळे कापड चारही बाजूंनी लपेटून टाकी तीन ते चार दिवस पूर्ण अंधारात ठेवावी. हवेचा पंप चालूच हवा. या दिवसांत खाणे देऊ नये, धडधाकट मासा सहज राहतो. पाचव्या दिवशी कापड काढल्यावर पुन्हा निम्मे पाणी बदलणे अत्यावश्यक आहे. मेलेले शेवाळ कुजते, त्यातून अमोनिया सुटतो आणि प्राणवायू खर्च होतो. अनेकजण पाणी निवळलेले पाहून खूश होतात, हा शेवटचा बदल करत नाहीत आणि दोन दिवसांनी मासा गमावतात. मोठ्या टाकीच्या, खर्च करू शकणाऱ्या गिऱ्हाइकाला यूव्ही दिव्याचा फिल्टर सुचवता येतो. त्यातून जाणारे तरंगते शेवाळ मरते, काचेवरचे मात्र जात नाही, हे विकतानाच सांगावे. पेटलेल्या यूव्ही दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

पाणी बदलताना नळाच्या पाण्यातला क्लोरिन काढावा लागतो. त्यासाठी बाजारातल्या बाटल्या आहेत, पण त्यांपैकी बहुतेकींत हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट असतो. पूर्वी फोटो धुणारे वापरत तोच. केमिकलच्या व्यापाऱ्याकडे तो किलोने मिळतो. सोनाराच्या काट्यावर 10 ग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळवावा. या द्रावणाचा एक मिलिलिटर एका लिटर नळाच्या पाण्याला, म्हणजे 25 लिटरच्या बादलीला 25 मिलिलिटर पुरे. क्लोरिनचा वास जास्त येत असेल तर दुप्पट घेतले तरी चालते. हे द्रावण ताजे करून विकले तर गिऱ्हाइकाला परवडते आणि दुकानदारालाही चार पैसे सुटतात.

जे विकू नये ते

मोरचुदाने शेवाळ मरते यात शंका नाही, पण मासाही मरतो. मऊ पाण्यात तांब्याचे विष अधिक चढते आणि मुंबईला मिळणारे धरणांचे पाणी मऊच आहे. विहिरीच्या जड पाण्यावर एखाद्याने ते वापरून पाहिले म्हणून इथे चालेल असे नाही. तुरटीने पाणी निवळते पण आंबट होते, आणि आंबट पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांना इजा करते. शेवाळनाशक बाटलीने आजचे शेवाळ जाते, खत तसेच राहते, म्हणून महिन्याने पुन्हा तीच बाटली. धंद्याला हे सोयीचे वाटते. आमच्या मते ते सोयीचे नाही आणि बरेही नाही.

'शेवाळ खाणारा' म्हणून जो सकर मासा गोल्डफिशच्या टाकीत सोडतात, त्याविषयीही आमचे मत स्पष्ट आहे. बोटाएवढा विकलेला सकर फूटभराहून मोठा होतो, स्वतः भरपूर घाण करतो आणि भूक लागली की गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर ओरबाडतो. मग कंटाळलेला मालक त्याला तळ्यात सोडतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात हे परदेशी सकर पसरून मासेमारांच्या जाळ्यांना डोकेदुखी झाले आहेत. त्यापेक्षा मनी प्लँटची फांदी टाकीच्या काठाला अडकवून फक्त मुळे पाण्यात सोडावीत. ती नायट्रेट ओढतात, गोल्डफिशने मुळे थोडी कुरतडली तरी झाड टिकते.

आणि तो गोल काचेचा वाडगा! चार-पाच लिटर पाण्यात गोल्डफिश घालून विकणे म्हणजे शेवाळ आणि मृत्यू दोन्ही एकाच पिशवीत बांधून देणे. शोभेच्या गोल्डफिशच्या एका जोडीला शंभर लिटरच्या आसपास जागा हवी. वर म्हटलेली दोन फुटी टाकी त्यामुळे पुढे लहानच पडते, हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल पाहण्याचा प्रसंग हदीसमध्ये आला आहे, तो आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. मालाचा दोष लपवून विकण्याविषयीचा तो हुकूम वाडग्यालाही लागू होतो असे आम्हाला वाटते.

टाकी जोडणाऱ्या कारागिरांसाठी दोन शब्द. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना विष आहे. स्वस्त पडले तरी ते घेऊ नये. साधे, व्हिनेगरसारखा वास येणारे शुद्ध सिलिकॉन वापरावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये. सांधा भरताना हवेची पोकळी राहिली की तिथे शेवाळ शिरते आणि कोपऱ्यात हिरवी रेघ दिसू लागते. ती काढायला गिऱ्हाईक पाते घालते, सांधा कापला जातो आणि टाकी गळते. दोष कारागिराच्या माथी येतो. सांधा भरीव करावा आणि पाते कोपऱ्यापासून बोटभर दूर ठेवायला सांगावे.

विक्रीबरोबर एक छापील चिठ्ठी द्यावी असे आम्ही सुचवतो. तिच्यावर दिव्याचे तास, खाण्याचे माप आणि आठवड्याला एक बादली पाणी, एवढे मराठीत मोठ्या अक्षरांत असावे. मागच्या बाजूला त्या टाकीचे लिटर हाताने लिहून द्यावेत. पुढे हायपो असो वा माशाचे औषध, त्याचे माप त्याच आकड्यावरून काढावे लागते आणि गिऱ्हाइकाला तो आकडा कधीच आठवत नाही.