धरणातला गाळ नेमका बसतो कुठे? (परिसर अभ्यास / विज्ञान)

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांना एक प्रश्न विचारून बघा: "धरणातला गाळ कुठे साचतो?" बहुतेक मुलं सांगतील, "भिंतीपाशी, तळाला." कपातल्या चहाचा चोथा तळाला बसतो ना, तसं! पण हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

सोनिवली, बदलापूर, अंबरनाथच्या मुलांना उदाहरण लांब शोधायला नको. एमआयडीसीचं बारवी धरण जवळच आहे. त्याचं पाणी उल्हास नदीत येतं आणि जांभूळ इथे उचलून शुद्ध केलं जातं.

कृती १ : पारदर्शक बाटलीत पाणी, मूठभर वाळू आणि माती घाला. हलवून ठेवून द्या. वाळू काही सेकंदांत खाली बसते, पण वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहतं.

असं का? कण दहापट लहान झाला, की खाली बसण्याचा वेग सुमारे शंभरपट कमी होतो. स्थिर पाण्यात ०.१ मिमीचा वाळूचा कण १ मीटर खाली जायला साधारण २ मिनिटं घेतो. ०.०१ मिमीच्या कणाला सुमारे ३ तास, तर ०.००१ मिमीच्या चिकणमातीला १० ते १३ दिवस लागतात. आपल्याकडचं पाणी कोमट असतं. कोमट पाणी थोडं पातळ, म्हणून थंड देशांपेक्षा इथे कण जरा लवकर बसतात.

कृती २ : परात थोडी तिरकी ठेवा. खालच्या बाजूला पाणी साठू द्या. वरून गढूळ पाणी हळूहळू ओता. वाळूचा ढीग कुठे झाला? वाहतं पाणी साठलेल्या पाण्याला भिडतं तिथेच! वेग कमी झाला, की पाणी जड कण तिथेच टाकतं. बारीक कण मात्र भिंतीपर्यंत जातात.

म्हणजे गाळ फक्त तळाचा मृत साठा भरतो असं नाही. नदीच्या तोंडाशी तो वापरायच्या पाण्याची जागाही खातो. आपला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यामुळे वर्षाचा जवळजवळ सगळा गाळ पावसाळ्यातच येतो.

बारवीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. त्यासाठी काही गावपाड्यांना आपली जागा सोडावी लागली. इतकी किंमत देऊन मिळालेली पाण्याची जागा मातीने भरू द्यायची का? डोंगरउतारावरची झाडं आणि गवत माती जागेवर धरून ठेवतात, हे मुलांना इथे सांगा. साचलेला गाळ शेताला उपयोगी पडतो, म्हणून राज्यात २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली.

घरचा अभ्यास : कृती १ मधल्या गढूळ पाण्याचे दोन ग्लास घ्या. एकात तुरटी फिरवा. कोणतं पाणी आधी निवळतं? का? (बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. पुढचं मुलांनाच सांगू द्या. हे पाणी प्यायचं मात्र नाही!)