सायकल, वारा आणि आपले पाय

ऑलिम्पिक डिस्टन्स ट्रायथलॉनमध्ये १.५ कि.मी. पोहणे, ४० कि.मी. सायकल आणि शेवटी १० कि.मी. पळणे असते. सायकलवरच पाय संपवले, तर पळणार कशाने? फ्लुइड मेकॅनिक्स आठवा (फक्त व्हायव्हापुरतं नव्हे!). हवेचा ड्रॅग वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून त्यासाठी लागणारी पॉवर घनाप्रमाणे. ताशी ३० वरून ३६ कि.मी. वर जायचे, तर हवेसाठीची पॉवर १.७३ पट! चढावर वेग कमी, तिथे खरं भांडण गुरुत्वाकर्षणाशी. जास्तीची ताकद बरीचशी वेगात उतरते. म्हणून कात्रजच्या घाटात मी चढाला जोर लावते, उताराला वाकून गप्प बसते. सपाटीवर ३० च्या पुढे जातच नाही. पुढच्याच्या मागे लपायला हौशी ट्रायथलॉनमध्ये बहुधा बंदी असते, त्यामुळे सगळा वारा आपल्याच छातीवर.