रक्तदाब, मेंदू आणि अँटिऑक्सिडंट : एक अभ्यास

पुणतांबा परिसरातील घरांत 'बीपीची गोळी' म्हणजे काय, हे आज कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अलीकडे त्याच घरांत 'अँटिऑक्सिडंट' हा दुसरा शब्द चूर्णांच्या आणि कॅप्सुलांच्या डब्यांवरून येऊन पोहोचला आहे. हा डबा घेतला की गोळी सुटते, असे सांगणारेही भेटतात. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आणि पालक आज रक्तदाब जपण्याच्या वयात आहेत. म्हणून या दोन शब्दांचा खरा संबंध काय, हे आपण येथे तपासून पाहू.

रक्तदाब हा केवळ हृदयाचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचा क्षणोक्षणीचा कारभार मेंदू पाहतो. मानेतील धमन्या आणि महाधमनी यांच्या भित्तींत ताण ओळखणारी चेताग्रे असतात. दाब वाढला की ती मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला वर्दी देतात. तेथील केंद्रे अनुकंपी चेतासंस्थेला आवर घालतात. हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात. दाब घटला की याच्या उलट घडते. अंथरुणातून उठून उभे राहताना आपल्याला सहसा भोवळ येत नाही, ती याच व्यवस्थेमुळे.

पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा सुपरऑक्साइडसारखे अतिक्रियाशील कण निर्माण होतात. अल्प प्रमाणात ते निरोप्याचे काम करतात. अतिरेक झाला की घात करतात. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक मेंदूतील चेतापेशींत त्यांची निर्मिती वाढवते. चेतापेशींना शांत ठेवण्यास मदत करणारा नायट्रिक ऑक्साइड ते नष्ट करतात. परिणामी अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित राहते आणि दाब चढा राहतो. या कणांचा बंदोबस्त करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचे विकर शरीर स्वतःच तयार करते.

२००२ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत या विकराचे प्रमाण जनुकाद्वारे वाढवले, तेव्हा मेंदूत दिलेल्या अँजिओटेन्सिनने रक्तदाब वाढेनासा झाला. २००४ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातील संशोधकांनी उच्च रक्तदाबाच्या उंदरांमध्ये नेमक्या मस्तिष्कपुच्छातील केंद्रात हाच उपाय केला आणि रक्तदाब उतरला.

मग गोळीऐवजी जीवनसत्त्वे का घेऊ नयेत? ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्येच प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या २०,५३६ व्यक्तींपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षे दररोज ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम क आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देण्यात आले. रक्तातील जीवनसत्त्वे वाढली; हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू मात्र घटले नाहीत.

या विसंगतीमागे कारणे आहेत. उंदरांवरील उपाय थेट मेंदूतील पेशींत झाला होता. तोंडाने घेतलेला पदार्थ त्या पेशींपर्यंत हवा तेव्हा, हव्या प्रमाणात पोहोचतोच असे नाही. शिवाय सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडशी ज्या वेगाने संयोग पावतो, त्याच्या तुलनेत क जीवनसत्त्वाशी होणारी त्याची अभिक्रिया फारच मंद असते.

याचा अर्थ आहार निरुपयोगी आहे असा नव्हे. राहाता तालुक्यातील पेरू, आपल्याकडची डाळिंबे, पालेभाज्या आणि डाळी यांत अँटिऑक्सिडंटांबरोबर पोटॅशियम आणि तंतूही असतात. भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ भरपूर असलेल्या आहाराने रक्तदाब उतरतो, हे १९९७ मधील प्रसिद्ध अमेरिकी चाचणीने दाखवले आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पोटॅशियमयुक्त पदार्थांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड आणि खर्डा यांतील मीठही त्यातच मोजायचे. तंबाखू सोडणे, नियमित चालणे आणि वेळोवेळी दाब मोजणे हेही तितकेच आवश्यक.

आणि गोळी? ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणे दाखवीत नाही. काही वेळा त्याची पहिली खूण पक्षाघात हीच असते. एका घरातील कर्त्या माणसाचा हात लुळा पडला, तर मुलांचे शिक्षणही थांबू शकते.

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा थोर आहे, एवढ्यावरून काही मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. डब्यावरील मजकूर वाचतानाही तीच कसोटी लावणे, हे आपल्या शाळेच्या शिकवणुकीला साजेसे ठरेल.