एकादशीच्या आधी पोचावं म्हणून

चि. बाळूस,


परवा फोनवर तू सहज म्हणालास, "महाराजांनी मुलांचं औषधपाणी माझ्याकडे दिलंय, सगळ्यांच्या गोळ्या एका डब्यात ठेवल्यात." तेव्हापासून तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कार्तिकी तोंडावर आली, आळंदीत आता पाय ठेवायला जागा उरणार नाही. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, म्हणून घाईनं लिहायला बसले.

जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. आज आळंदीत तुमच्यासारख्या किती तरी लहानमोठ्या संस्था आहेत आणि त्यांत आठ-दहा वर्षांची पोरंही राहतात. घरी आई नुसत्या चेहऱ्यावरून ओळखते, हे आज बरं दिसत नाही. तिथे ते ओळखणारा तू.

मी ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हाची एक रात्र सांगते. द्वादशीच्या पहाटे अशाच एका वसतिगृहातून अकरा वर्षांच्या मुलाला झटके येत असताना आणलं. फिट्सच्या गोळ्या त्याला लहानपणापासून चालू होत्या. दशमीच्या रात्रीपासून त्यानं एकही घेतली नव्हती, कारण गोळीनं उपवास मोडतो असं त्याला वाटलं. त्यात एकादशीचा जागर. झोप मोडली की फिट येण्याचा धोका वाढतो, पण हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्यांनी चप्पल हुंगवली, दातांत चमचा घातला, त्यात पुढचा दात तुटला. मूल शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोललं असेल? "मला घरी पाठवू नका."

बाळू, माझं सगळं सांगणं या चार शब्दांपाशी आहे. पोरगं आजार लपवतं ते हट्टानं नाही. हरिपाठ सुटेल, पखवाज सुटेल, बाकीचे हसतील, या भीतीनं लपवतं. म्हणून आजारपणाला घरी पाठवण्याची धमकी कधीही जोडू नकोस, गमतीतही नाही. आणि औषधानं व्रत मोडत नाही, हे महाराजांच्या तोंडून सगळ्या मुलांसमोर वदवून घे. मी सांगून पटणार नाही, त्यांचा शब्द पोरं झेलतील. ज्याला फिट्स येतात त्यानं जागराला बसायचं नाही, वेळेवर झोपायचं. फिट आलीच तर कुशीवर वळव, आजूबाजूच्या वस्तू दूर कर, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेली की १०८ लाव. यात्रेत गाडीला वाट मिळणं अवघड, तेव्हा जवळचं वैद्यकीय पथक कुठे बसणार आहे हे दशमीलाच बघून ठेव.

ज्याला इन्सुलिन चालू आहे त्याला उपवास नाहीच. इन्सुलिन बंदही करायचं नाही. हातपाय थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाज. मात्र शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नकोस.

आता शेंगदाण्याचं. ज्या मुलाला तो चालत नाही, त्याला एकादशी हा वर्षातला सगळ्यात अवघड दिवस. खिचडीत कूट, भगरीवर दाण्याची आमटी, अन्नदाते आणतात ते लाडू आणि चिक्की. त्याचं जेवण आधी, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं काढायचं. काल्यात काय काय पडलंय हे तर वाढणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रसाद नको म्हणायला ते मूल धजणार नाही, म्हणून त्याच्यासाठी खडीसाखर तूच खिशात ठेव आणि सगळ्यांबरोबर त्याच्या हातावर घाल. अंगावर पित्त उठलं आणि त्याबरोबर ओठ सुजले, आवाज घोगरा झाला किंवा श्वास लागला, तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नकोस. त्या वेळी लागतं ते ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. मुलाला चालवत नेऊ नकोस. त्याच्या डॉक्टरांकडून नेमकं काय करायचं ते आजच लिहून घे.

दम्याच्या पोरांना काकड्याची थंडी आणि धुपाचा धूर दोन्ही बाधतात. त्यांना दाराजवळ बसव. "पंपाची सवय लागते" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस, ती समजूत चुकीची आहे. दम लागल्यावर ओढायचा निळा पंप मुलाच्या जवळच हवा. रोजचा वेगळा पंप असेल तर ओढल्यावर चूळ भरायला लाव.

आणि तो डबा आजच रिकामा कर. प्रत्येक मुलाची वेगळी पिशवी, त्यात मूळ पाकिटातली औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांचं सहीचं पत्र. पुडीत बांधून आलेली गोळी परत पाठव. कपाटाला कुलूप हवं, पण पंप, साखर आणि ॲलर्जीचं इंजेक्शन कुलपात नको. दिलेली गोळी लगेच वहीत लिही, रात्री आठवून नको. तापाचं औषध "सगळ्यांना एक चमचा" असं देऊ नकोस. पॅरासिटामॉल वजनावर मोजतात, एका वेळी किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. वीस किलोच्या मुलाला २०० ते ३०० झालं, आणि सिरपच्या दोन बाटल्यांची ताकद सारखी नसते. म्हणून लेबल वाच. ॲस्पिरिन लहान मुलाला द्यायचंच नाही.

खरजेचं विचारलं होतंस. एकाला झाली असली तरी त्या खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायचं आणि दुसऱ्या दिवशी कपडे-अंथरुणं गरम पाण्यात काढायची. एकेकाला लावत बसलास तर ती खोलीतून जाणार नाही.

मी दशमीला सकाळच्या गाडीनं येते आहे. वजनकाटा घेऊन येईन, मुलांना काकड्यानंतर थांबवून ठेव. तोवर एकेकाला बाजूला घेऊन विचारून ठेव, तुला रात्री काय त्रास होतो. चौघांसमोर विचारू नकोस.

तुझी,
आत्या